पार्सल नव्हे, पार्सली

३ मार्च, सोमवार

आणि वर तो कुरियरवालाच मला म्हणतो, "बाई, आवाज खाली." तीन दिवस मी दाराकडे कान लावून बसलेय. खालच्या लाँड्रीत कामावर असताना दोनदा चादर अर्धी इस्त्री करून तशीच टाकून वर धावले. आणि हा हातावर काय ठेवतो, तर पाकीट. चपटं. मी म्हटलं, पार्सल कुठाय? म्हणे, हेच. मी म्हटलं, माझ्या लेकीने फोनवर स्वच्छ सांगितलंय — पार्सल येईल, उन्हात ठेव, पाणी जास्त घालू नको. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. आता लिहिताना कळतंय, पार्सलाला पाणी कोण घालतं? पण तेव्हा डोकं फिरलेलं.

लेकीला फोन लावला. "अगं आई, पार्सल नाही, पार्सली! बी आहे ते." पोट धरून हसली. कोथिंबिरीची चुलतबहीण म्हणे. डॉक्टरने माझं मीठ तोडलंय, तर जेवणाला जरा चव यावी म्हणून.

मग हसणं थांबवून खरं काय ते बोलली. जूनमध्ये ती येणार. तोवर हे एक रोप जगवून दाखवायचं. "तुझ्या हातून निवडुंगसुद्धा मेला, आई. एकटी स्वतःला काय सांभाळणार तू? रोप मेलं तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं."

मी म्हटलं, बघच तू. फोन ठेवून दिला.

७ मार्च

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं, सकाळी तेलाच्या जुन्या डब्यात पेरलं. पाकिटावर लिहिलंय, उगवायला तीन ते चार आठवडे. एकेक अक्षर लावून दोनदा वाचलं. आठवडेच आहेत. एवढ्यात कोंबडी अंडी उबवून मोकळी होते.

११ मार्च

काही नाही.

१२ मार्च

बोटाने उकरून पाहिलं. बी तसंच पडलंय, आळशी. परत झाकलं.

१६ मार्च, रविवार

माझ्या खिडकीसमोर भिंत. ऊन कुठून आणू? ऊन आहे ते तिसऱ्या मजल्यावर, शिंप्याकडे. सगळे त्यांना टाचणीमास्तर म्हणतात, कारण तोंडात कायम टाचण्या धरलेल्या. काहीही विचारा, उत्तर एकच — "हं". बायको जाऊन नऊ वर्षं झाली. तिने खिडकीबाहेर फुलांसाठी सिमेंटची पन्हळ बांधून घेतली होती. त्यात आता नुसत्या चिंध्या. खाली माती आहे अजून.

डबा घेऊन गेले. म्हटलं, मास्तर, हा तुमच्या उन्हात ठेवते. "हं." हो की नाही? "हं." ठेवला.

१७, १८, १९ मार्च

रोज जाऊन उकरलं. काही नाही.

२२ मार्च

माझं डोकं तापलंय. डबा गंजका निघाला, गळला, गिऱ्हाइकाच्या पँटवर लाल डाग. तर या माणसाने मला न विचारता चिंध्या काढल्या आणि डबा मातीसकट त्या पन्हळीत रिकामा केला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, वही लेकीच्या शाळेची आहे.

मास्तरांनी एकेक टाचणी तोंडातून काढली, मनगटावरच्या गादीत खोचली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही रोज उकरता. ते उगवणार कसं? आता इथं बोट लावायचं नाही."

खाली आले. बारा वर्षांत, म्हणजे नवरा गेल्यापासून, मला कोणी गप्प केलं नव्हतं.

२ एप्रिल

मास्तर लाँड्रीच्या दारात उभे. तोंडात टाचण्या, बोट वर. मला वाटलं आग लागली. अनवाणी तीन मजले चढले.

आग नाही. हिरवे दोरे! काळ्या मातीवर कच्चा टाका घातल्यासारखे.

२० एप्रिल

मास्तर मोजपट्टीने माप घेतात आणि खडूने भिंतीवर लिहितात. आज दोन बोटं. मी संध्याकाळी वर जाते. रोपाला बघायला.

त्यांना पार्सलची गोष्ट सांगितली. हसले आणि सगळ्या टाचण्या जमिनीवर. दोघं गुडघ्यावर बसून लोहचुंबकाने गोळा करत होतो. खालची म्हातारी दारातून डोकावली, म्हणते, "काय हरवलं गं?" मी म्हटलं, तुमचं काही नाही.

१८ मे, रविवार

पहिली कापणी. मी शेंडे खुडायला गेले तर मास्तरांनी हात धरला. "वरून नाही. बाहेरची काडी, बुडापासून. कापड कसं, कडेने कापतात." हात जरा उशिरा सोडला. मीही काढून घेतला नाही, त्यात काय.

बटाटे उकडले, लोण्यात परतले, वरून बारीक चिरलेली पार्सली आणि लिंबू. मास्तरांनी घास घेतला. "मीठ?" म्हटलं, नाही. तीनदा वाढून घेतलं. हा माणूस नऊ वर्षं चहात पाव बुडवून जगतोय. मी झाडलं त्यांना. "हं."

१ जून, रविवार

लेक पुढच्या रविवारी येते. मी कुंडी आणि उलथनं घेऊन वर गेले. म्हटलं, रोप खाली न्यायचंय, तिला माझ्या घरात दाखवायचंय.

मास्तर उठून खिडकीसमोर उभे राहिले. "हलवू नका, बाई. मूळ सरळ खोल गेलंय. आता उपटलं तर मरेल. पार्सली इथंच राहणार. तुम्हीच —"

आणि टाचण्या तोंडात.

मी म्हटलं, तुम्हीच काय?

"हं."

३ जून

चादर जाळली. मालकीण म्हणाली, लक्ष कुठाय? तुम्हीच काय? तुम्हीच येत जा? तुम्हीच बघून घ्या? की तुम्हीच या? शिंपी आहे, वाक्याला टाका घालता येत नाही?

५ जून, गुरुवार

आज मास्तर दोरा आणायला बाहेर गेले, तेव्हा चिठ्ठी पार्सलीच्या काडीला बांधून आले. इथे उतरवून ठेवते.

मास्तर, पार्सली खाली येत नाही, तर पार्सल वर येईल. घेणार की परत पाठवणार? लेक रविवारी येते. शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. टाचण्या काढून. "हं" चालणार नाही.