निम्म्या वाट्याचा दावा

वकीलसाहेब,

दुष्काळाच्या साली साखर कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीत माझ्या नवऱ्याचा हात तुटला. "भरपाई मिळाली की निम्मा वाटा माझा," म्हणत तुम्ही केस घेतलीत. नवरा केस मागे घेईना म्हणून कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने त्याला भरदुपारी, माझ्यासमोर, उसाच्या फडात कोयत्याने तोडलं.

तेराव्याला तुम्ही म्हणालात, "अशील गेला, बाई. आधी वाटा लिहून द्या, मगच केसचे कागद."

साहेब, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. निम्मा मेला, निम्मी मी जित्ती हाय. केस मीच लढणार. तुम्हाला निम्मा वाटा हवा, तर त्याचे निम्मे घावही घ्या.

हे पत्र टाकणार नाही. वाचून तुम्ही दार लावून घ्याल. उद्या कागद न्यायला मीच येते. कोयत्याला धार लावलीय.

तुमची उरलेली अशील,
भिवराबाई