पिवळी अक्षरं, सगळ्यात मोठी

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी कॉम्प्युटरवर. वही बंद. हल्ली वह्यांवर रेघा इतक्या फिकट छापतात की काल एकाच ओळीवर तीनदा लिहिलं गेलं. कागदवाल्यांना लाज नाही.

नवीन काम हातात घेतलंय. हिला कमी ऐकू येतं. कानात मशीन आहे, तरी लेक फोनवर बोलते त्यातलं निम्मं कळत नाही. बोललेलं स्क्रीनवर अक्षरांत उमटवायची सोय असते म्हणे. रविवारच्या आत हिच्या कॉम्प्युटरवर बसवून देतो. जन्मभर नकाशा खात्यात केसाएवढ्या रेघा ओढल्या, सेटिंग ती काय!

७ फेब्रुवारी, दुपार
सेटिंग बनवणाऱ्याला समोर उभा करायला हवा. ज्या पानावर आंधळ्या-बहिऱ्यांची सोय, तेच पान मुंगीच्या अक्षरांत! कुठला आवाज उमटवायचा असं काहीतरी विचारलं होतं. खाली दोन चौकोन. पहिल्यात कॉम्प्युटरचा आवाज. दुसरं नीट छापलेलंच नव्हतं. दोन्हींवर टिचकी मारली. सोय जास्त झाली म्हणून कोणाचं बिघडलंय? अक्षरं पिवळी, मागे काळं, आकार सगळ्यात मोठा.

ही खूश. म्हणाली, अहो, दारावरची बेल वाजली तरी लिहून येतं की! मी म्हटलं, मग? काम कोणाचं आहे!

१० फेब्रुवारी
लेकीचा व्हिडिओ कॉल. छकुली, म्हणजे आमची नात, प्रथमच स्क्रीनवर. मीही माझ्या कॉम्प्युटरवर मोठं करून दाखवणारं भिंग लावून बसलो. स्क्रीनभर नुसतं गुलाबी. म्हटलं, वा, नाक अगदी माझं! लेक हळूच म्हणाली, बाबा, ती टाच आहे.

लेकीला चांगला कॅमेरा घ्यायला सांगितलं पाहिजे. ही माझ्याकडे टक लावून बघत होती असं वाटलं. नक्की दिसलं नाही. खिडकीचा उजेड पाठीमागून होता.

१२ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे एकटाच जाऊन आलो. म्हणे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला, आणखी थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो. बाईंचं वय काय, अनुभव काय! चार्टवरची खालची ओळ तर मुद्दाम पुसट ठेवली होती.

घरी सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या नजर तरुणाला लाजवेल अशी आहे. ही बरं म्हणाली.

१३ फेब्रुवारी
कॉम्प्युटरमध्ये एक बाई सापडल्या. मी लिहीन ते मोठ्याने वाचून दाखवतात. मला गरज नाही, पण कुतूहल. रोजनिशीच्या पहिल्या नोंदीपासूनचं सगळं वाचून घेतलं. शैली उत्तम आहे.

हेडफोनने कान दुखतात, म्हणून काढून टाकला. आवाज मोकळा सोडलाय. ही भिंतीपलीकडे आपला कॉम्प्युटर घेऊन बसते, पण तिला कुठे ऐकू जातंय! हिच्या बहिरेपणाचा हा एक फायदा. तोंडावर बोलायचा नाही.

एक नोंद. सकाळी हिच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. तूच डबे हलवतेस म्हणून मीच आवाज चढवला. थोडक्यात निभावलं.

१४ फेब्रुवारी
साखरेच्या डब्यावर मुठीएवढ्या काळ्या अक्षरांत साखर. मिठाच्या डब्यावर मीठ. हिची नजर कमी होत चालली वाटतं. बिचारी. विषय काढला नाही, उगाच मनाला लावून घेईल.

१७ फेब्रुवारी
जिन्याची शेवटची पायरी चुकली. सपशेल आपटलो. गुडघा टम्म. ही बाहेर गेली होती, त्यामुळे अब्रू शाबूत. हिला सांगणार नाही. पायरीच चुकीची बांधलीय.

१८ फेब्रुवारी
सगळ्या पायऱ्यांच्या कडांना जाड पांढरी पट्टी! आणि माझ्या उशीजवळ गुडघ्याचं मलम. मी तर लंगडायचंही टाळलं होतं. बायकांना आतून कळतं म्हणतात ते हेच. पट्ट्या मात्र हिने स्वतःसाठीच लावल्या असणार. हिला डॉक्टरीणबाईंना दाखवायलाच हवं. आता मी टाळाटाळ चालू देणार नाही.

१९ फेब्रुवारी
या बाईंनी डोकं उठवलंय. प्रत्येक वाक्य संपलं की पूर्णविराम असं ठणकावून सांगतात. सेटिंगमध्ये गेलो तर बटण, चौकोन, निवडलेला नाही, बटण, चौकोन. बाहेर यायचा रस्ता सापडेना. शेवटी वैतागून गप्प बसा असं लिहिलं. त्यांनी तेही वाचून दाखवलं.

२१ फेब्रुवारी
लेक शनिवारी छकुलीला घेऊन येतेय. आज फोटो पाठवला. भिंग लावलं, काळ्यावर पांढरं करून बघितलं, पांढऱ्यावर काळं करून बघितलं. शेवटी बाईंना विचारलं. म्हणाल्या, चित्र, एक बाळ हसत आहे.

हसत आहे म्हणे. यंत्राला दिसतं आणि मला नाही. मी आजोबा आहे तिचा!

इथे कोण वाचतंय, म्हणून खरं लिहितो. छकुलीचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. शनिवारी माझ्या मांडीवर देतील. पायरी दिसत नाही त्या माणसाच्या हातात मूल देतात का? आणि त्या डॉक्टरीणबाई डोळ्यात सुरी घालणार. भीती वाटते. फार वाटते.

२२ फेब्रुवारी, सकाळ
ही आपला कॉम्प्युटर दोन्ही हातांत धरून माझ्या खोलीत आली आणि थेट माझ्या नाकासमोर धरला. काळ्यावर पिवळी अक्षरं, सगळ्यात मोठी. भीती वाटते पूर्णविराम फार वाटते पूर्णविराम.

कितीतरी दिवसांनी काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं.

तो दुसरा चौकोन खोलीतल्या आवाजाचा होता. बाई इकडे वाचत होत्या आणि भिंतीपलीकडे हिच्या स्क्रीनवर सगळं उमटत होतं. मीठ, जिना, तरुणाला लाजवणारी नजर, सगळं. बहिरेपणाचा फायदा दोनदा वाचला म्हणाली. मी खाली बघितलं.

मग आधी बोलली का नाहीस, असं मीच वर विचारलं. म्हणाली, अहो, तोंडावर विचारलं असतं तर आणखी एक थाप मारली असती. इथे निदान खरं तरी लिहीत होतात. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. दुखत होतं, पण हलवला नाही.

ऑपरेशन सोमवारी. हिनेच फोन करून वेळ घेतली. म्हणाली, डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द समजला, तुम्हीच बसवून दिलंय ना.

२३ फेब्रुवारी
माझी पत्नी अत्यंत समजूतदार, कर्तबगार, सुस्वभावी आणि

पलीकडून आवाज आला की पुरे, बाळ उठलंय, बाहेर या.

छकुली मांडीवर होती. हिचे हात सारा वेळ माझ्या हातांखाली. ऊब कळली, वजन कळलं, तिने माझं एक बोट घट्ट धरून ठेवलं तेही कळलं. लेकीने विचारलं, बाबा, आता सांगा, नाक कोणासारखं आहे?

म्हटलं, सोमवारनंतर सांगतो.