अभ्यासक्रमासाठी कौल

लाटंबार्से,
काजूचा हंगाम उतरताना

वयाने आणि आवाजाने मोठ्या असलेल्या प्रभाताईस,

धाकट्या भावाचा, गोकुळदासाचा, साष्टांग नमस्कार. कंबर धरली असल्यामुळे तो तूर्त मनातल्या मनात घातला आहे, तसाच पावता करून घे. तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या चोपड्याला खेकडे मिळतात काय? तुझ्या मांजरीला पिल्लं झाल्याचं कळलं, तिचंही अभिनंदन. इकडे आम्ही सर्व खुशाल, म्हणजे एकमेकांशी बोलत नाही, एवढंच. हे पत्र निषेधाचं आहे आणि आमच्या घरधनिणीच्या, यशोदेच्या, सांगण्यावरून लिहितो आहे, हे आधीच सांगतो. फोन केला असता, पण फोनवर तू एकटीच बोलतेस. व्हॉट्सॅपवर लिहावं, तर घरचा ग्रुप सूनबाई माझ्याआधी वाचते.

तर आमच्या सूनबाईंनी, समीक्षाने, सेजल आणि शंभूला यंदा शाळेतून काढलं हे तुला ठाऊक आहे. घरीच शिकवायचं. भाषा झाली, गणित झालं, पण विज्ञान म्हणे हाताने करून शिकलं पाहिजे, आणि त्याचे अभ्यासक्रम बाजारात मिळतात. कुठला घ्यावा यावर महिनाभर खल चालला आहे. शेवटी परेशने (माझाच मुलगा, पण हल्ली न्यायाधीशाच्या आवाजात बोलतो) निकाल दिला की महिनाअखेर एक काय ते ठरवा, नाही तर सगळ्यांनी पुण्याला जायचं. तिथे त्याच्या कंपनीचं ऑफिस आहे आणि बाजूलाच प्रयोगशाळावाली शाळा. मी म्हटलं, जा बापडे. मला काय? घर शांत होईल, पेपर सलग वाचता येईल, चष्मा ठेवला तिथे सापडेल. (सध्या त्याची एक काच ऊन गोळा करून सुकं पान जाळण्याच्या कामावर आहे.)

पहिला अभ्यासक्रम खोक्यातून आला. नमुना म्हणून एकच खोकं, पण देव्हाऱ्याएवढं. पोरांनी ते मेजावर उघडलं, आम्ही सगळे भोवती उभे. आतून निघाली एक पिशवी वाळू, नदीतले पाच-सहा गोटे, एक शिंपला, काही सुकी पानं आणि घासूनपुसून चकचकीत केलेली नारळाची अर्धी करवंटी. सोबत पुस्तिका होती, त्यात लिहिलं होतं की या दुर्मीळ वस्तू मुलांना हाताळू द्या. यशोदेने करवंटी उचलली, उजेडात धरून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिला दांडा बसवून त्या डवलीने आम्हाला आमटी वाढली. समीक्षाने विचारलं तेव्हा म्हणाली, हाताळतेय की!

दुसरा अभ्यासक्रम बिनखोक्याचा. तो मोबाइलवर येतो आणि सामान आपलंच वापरायचं. पहिला धडा अंकुरांचा. पोरांनी मूग भिजवले, फडक्यात बांधले, जनेलाच्या गजांआड ठेवले, रोज मोड मोजून चित्रं काढली. चौथ्या दिवशी घरात पाहुणे आले. आता तूच सांग, आपल्या घरातल्या बाईला हातभर मोड आलेले मूग जनेलात दिसले, तर ती त्यांच्याकडे विज्ञान म्हणून बघेल काय? तिने त्यांची नारळ वाटून मुगागाठी केली. (फार सुरेख झाली होती, पण हे कुठे बोलू नकोस.) शंभू जेवायला बसला, ताटात बघितलं आणि भोकाड पसरलं. माझा प्रयोग, माझा प्रयोग! पाहुण्यांना वाटलं, पोराला मूग बाधतात. समीक्षा त्या दिवशी जेवली नाही. यशोदा म्हणाली, मोड आलेली वस्तू खायची नसेल तर वर पाटी लावावी.

मग ठरेना. समीक्षा खोक्याकडे झुकत होती, परेशला बिनखोक्याचा सोपा वाटत होता, महिना संपत आला. तेव्हा यशोदेनेच मार्ग काढला की देवाला विचारूया, कौल लावूया. विज्ञानाचा अभ्यासक्रम देवाला विचारून घ्यायचा हे कुणालाच खटकलं नाही, मलाही नाही. परेशचं लग्न, विहिरीची जागा, माझं हर्नियाचं ऑपरेशन, सगळं विचारूनच केलं आहे आपण. सोमवारी सगळे देवळात गेलो. शिवदासभटांनी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर खोकं, डावी पडली तर बिनखोकं. गाऱ्हाणं घातलं, हे देवा म्हाराजा, गोकुळदासाच्या नातवंडांचा विज्ञान खोक्याचा करचा काय बिनखोक्याचा, ह्यो जो काय घोळ जालो हा, तो तू निवार म्हाराजा. आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. थोड्या वेळाने डावी पाकळी पडली. सर्वांनी हात जोडले, मला तर सुटल्यासारखं वाटलं.

एवढ्यात सेजल खणखणीत आवाजात म्हणाली, आजोबा, पंखा डाव्या बाजूला आहे, म्हणून ती पाकळी आधी सुकली.

शिवदासभट मोठ्या मनाचा माणूस, त्याने पंखा बंद केला आणि नव्या पाकळ्या लावल्या. आता काजूच्या दिवसांतला उकाडा तुला माहीत आहे. आम्ही घामाने थबथबलो, पाकळ्या हलेनात, आणि हलल्या तेव्हा दोन्ही एकदम पडल्या. शंभू म्हणाला, दहा वेळा करून बघूया. भट म्हणाला, देव काय परीक्षेला बसलाय रे? सेजल म्हणाली, देव नाही, पंखा बसलाय. त्यानंतर आम्ही प्रसादाचा नारळ न घेताच घरी आलो.

घरी रणकंदन. यशोदा म्हणे, पोरं नास्तिक झाली, उद्याच्या उद्या शाळेत घाला. समीक्षा म्हणे, याहून चांगलं विज्ञान कुठल्या खोक्यात आहे ते दाखवा. परेश मोबाइलवर पुण्यातल्या भाड्याच्या जागा बघत बसला. शेवटी मी सेजलला विचारलं, बाय गो, हे पंख्याचं तुला शिकवलं कुणी? खोक्याने की मोबाइलने? ती म्हणाली, चोपड्याच्या आजीने. सुट्टीत कोकमाची सोलं वाळत घालताना म्हणे तू त्यांना अर्धी पंख्याखाली आणि अर्धी कोपऱ्यात ठेवायला लावलीस, आणि आधी कुठली सुकतील ते ओळखा म्हणालीस. म्हणजे आगीचं मूळ तूच. शाळेतून निवृत्त झालीस तरी मास्तरीणपण सुटलं नाही तुझं! सबब आमच्या घरातर्फे तुझा जाहीर निषेध. दुसऱ्यांच्या पोरांना असले प्रश्न शिकवण्याआधी त्यांच्या आजीला विचारत जा.

कळावे, राग असला तरी लोभ जागेवर आहे,
तुझा गोकुळदास

ता. क. यशोदेने इथपर्यंत वाचून घेतलं, मान डोलावली आणि आत गेली. आता खरं लिहितो. समीक्षा म्हणते, अभ्यासक्रम नकोच, आत्याच पाहिजेत. परेशने न्यायाधीशाच्या आवाजात मान्य केलं आहे की माणूसही अभ्यासक्रम म्हणून चालेल, पण तो महिनाअखेरीपूर्वी घरात हजर पाहिजे. तेव्हा ये. वर्षभर राहा. मांजर आणि पिल्लं घेऊन ये, त्यांचाही धडा होईल.

ता. क. दुसरा. शांत घराचं मी वर लिहिलं ते खोटं आहे. परवा पोरं दुपारभर शेजारच्या भाग्यलक्ष्मीच्या बागेत काजू वेचायला गेली होती, तर मी पेपर सलग वाचला आणि एक अक्षर डोक्यात गेलं नाही. ती पुण्याला गेली तर मला सोसायचं नाही गो, प्रभाताई. पत्र आणणारा बाबाजी व्हॅन घेऊन तुझ्या दारात उभा आहे. त्याला चहा दे आणि तो पिईपर्यंत पिशवी भर.

ता. क. तिसरा. मागच्या खेपेला तुझं आणि यशोदेचं सारातल्या मिठावरून वाजलं होतं, म्हणून तू कचरशील हे मला ठाऊक आहे. पण आज सकाळी तिने माळ्यावरची तुझी गादी काढून अंगणात उन्हात घातली. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, ढेकूण झालेत. आमच्या घरात आजवर ढेकूण झालेला नाही.