फियाटखालचे चार ठोकळे

मी, यमुना दशरथ सावे, वय वर्षे अडुसष्ट, विधवा, राहणार मल्याण, डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला साखर आहे आणि डाव्या डोळ्याने कमी दिसतं. बाकी डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहावं म्हणून माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. लिहू नये म्हणून मात्र दोघांनी केला.

त्यातले एक वकीलसाहेब. पाचवं कलम वाचून ते म्हणाले, "आजी, असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत. यात फक्त मिळकत असते."

"मग असलं कुठे लिहितात?" मी विचारलं.

ते चष्मा पुसत बसले. म्हणून इथेच लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं वाचून झालं. भाषेत चूक असेल तर माझी, मजकुरात चूक नाही.

१. घर. मल्याणचं राहतं घर, परसातली दोन चिकूची झाडं आणि मागची पत्र्याची शेड माझा एकुलता एक मुलगा सुदर्शन याला. शेडमध्ये कमरेइतका खड्डा आहे, तो बुजवून घ्यावा.

२. ठेव आणि दागिने. बँकेतली ठेव सुदर्शन आणि सून रुचिता या दोघांना सारखी. चार बांगड्या आणि मंगळसूत्र रुचिताला. तिने त्यांच्याबद्दल कधी विचारलं नाही, म्हणून तिलाच. माझे दीर चिमण सावे यांना काहीही देऊ नये. माझ्या पतींच्या तेराव्याच्या पंगतीत ते म्हणाले, "भंगारापायी गेला." त्यांनी दोनदा भात मागून घेतला होता. ते दारात आले तर चहा द्यावा.

३. पुस्तकं. कपाटातली सगळी वाचनालयाला. फियाटच्या दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक देऊ नये, त्याच्या पानांना ग्रीस आहे. ते गाडीबरोबर जावं.

४. गाडी. फियाट, सन १९६२, रंग मूळचा निळा, आता लाल प्रायमर.

माझे पती दशरथ डहाणू रोड स्टेशनला सिग्नल खात्यात होते. निवृत्त झाले त्या वर्षी एका इराणी शेठच्या चिकूवाडीतून त्यांनी ही गाडी टेम्पोवर घालून आणली. वीस वर्षं ती तिथल्या छपराखाली उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आमच्याकडे समुद्राची हवा खिडकीचे गजसुद्धा खाते. मी म्हटलं, "अहो, हिला हात लावाल तर हातात येईल." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर तळाच्या पत्र्याला टेकवला, तो आरपार गेला, आणि ते हसायला लागले. "सिग्नल दुरुस्त केलेत मी. ही काय चीज आहे!"

मोटारीचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सगळे बोल्ट काढून एका बादलीत टाकले. मग दोन महिने आम्ही दोघं त्या बादलीसमोर बसून कुठला बोल्ट कुठला ते जुळवत होतो. इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून ठेवायचं आणि रोज हाताने फिरवून बघायचं. अकराव्या दिवशी ते बोटभर फिरलं, तेव्हा "हललं गं!" म्हणून त्यांनी मारलेली हाक शेजारी दक्षाबेननी ऐकली होती.

जे जमेना त्यासाठी ते तलासरीच्या उमेश सुकऱ्या धोडीला बोलवत. हायवेला त्याचं गॅरेज होतं. तळाला नवा पत्रा त्याने जोडून दिला आणि ह्यांना कसलीही घाई करू दिली नाही.

हे गेल्यावर गाडी पाच महिने तशीच होती. सुदर्शन भंगारवाला घेऊन आला, मी त्याला परत पाठवलं आणि वायर ब्रश हातात घेतला. इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं, एका पानाला एक आठवडा. कार्ब्युरेटर तीन वेळा उघडला, तिन्ही वेळा एक स्क्रू उरला. दरवाजांचा गंज वरवर घासून प्रायमर मारला, पावसाळ्यात तो फुगला. चारही दरवाजे पुन्हा उघडे करून चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडावे लागले. खालच्या कामासाठी शेडमध्ये खड्डा खणून घेतला आणि गाडी चाकांवरच ठेवली. गेल्या दिवाळीत इंजिन सुरू झालं. ब्रेक झालेले नाहीत.

लोकांना वाटतं, नवऱ्याची आठवण म्हणून म्हातारी खपते आहे. तसं नाही. गाडी पूर्ण करून उमेशच्या दारात उभी करायची, म्हणजे तोंडाने काही बोलावं लागणार नाही, असा माझा बेत होता.

५. जे तोंडाने बोलले नाही ते.

शनिवार, १२ मार्च २०२२ रोजी उमेशने गाडीची चारही चाकं काढली आणि गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर ह्यांनी लिलावात घेतले होते, त्यांचे ते तुकडे. माझ्यासमोर तो ह्यांना म्हणाला, "काका, खाली जायचं तर ह्याच ठोकळ्यांवर. दुसरं काय लावायचं नाय." मंगळवारी येऊन त्याने चाकं बसवली, गाडी जमिनीवर घेतली, ठोकळे फाटकाजवळ रचून ठेवले आणि गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही.

गुरुवारी होळी होती. आमच्या आळीत होळीची लाकडं मागायला आलेल्यांना कोणी रिकामं पाठवत नाही. पांड्या बाबल्या वायेडा आणि चार जण हातगाडी घेऊन आले. "वहिनी, होळीला काय?" घरात काटकीसुद्धा नव्हती. हे बाजारात गेले होते. गाडी चाकांवर उभी होती, म्हणून मला वाटलं ठोकळ्यांचं काम संपलं. मी चारही देऊन टाकले.

स्लीपर तेलात मुरलेले असतात. होळीतून इतका काळा धूर निघाला की पांड्या ओरडला, "वहिनी, रेल्वेच पेटवली की काय!" सगळे हसले. ह्यांनी धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं, ते गाडीचे होते."

"मला काय माहीत? आता काय, होळीतून काढून आणू?"

"राहू दे," ते म्हणाले. होळीत दिलेलं परत मागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, धुळवडीच्या सकाळी, गाडीखाली तेल ठिबकत होतं. मी म्हटलं, "कंपाउंडचे ब्लॉक उरलेत ना, ते घ्या." सिमेंटचे पोकळ ब्लॉक. दोन त्यांनी आणले, दोन मी माझ्या हातांनी नेऊन दिले. त्याच ब्लॉकची भिंत आमच्या डोळ्यांसमोर उभी होती, गाडी का उभी राहणार नाही, असं आम्हा दोघांनाही वाटलं. गाडी ब्लॉकवर घेऊन ते खाली शिरले आणि मी स्वयंपाकघरात आले. चहाचं पाणी उकळायच्या आत पोतं टाकल्यासारखा आवाज झाला. एक ब्लॉक फुटला होता. चार माणसांनी गाडी उचलेपर्यंत ते गेले होते.

संध्याकाळी सुदर्शन वापीहून आला. "ब्लॉकवर गाडी कोणी ठेवली?" त्याने विचारलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "चाकं काढायला तो तलासरीचा उमेश येतो." सुदर्शन माझ्याकडे वळला. "आई, उमेशने ठेवली ना?"

मी मान खाली घातली. त्याने तो होकार समजला. मी समजू दिला.

दहावं झाल्यावर सुदर्शनने तलासरीला जाऊन गिऱ्हाइकांसमोर उमेशची कॉलर धरली, त्याला मारलं, "माझ्या बापाला मारलंस," असं ओरडला. उमेश सांगत होता की त्याने लाकूड लावलं होतं. दाखवायला लाकूड नव्हतं, त्याची राख झाली होती. पोलिसांत अपघात अशी नोंद झाली, पण लोकांना ती नोंद कोण वाचून दाखवणार? त्याच्याकडे गाड्या येईनाशा झाल्या. वर्षाच्या आत गॅरेज बंद पडलं. आता तो हद्दीपलीकडे, गुजरातेत भिलाडला दुसऱ्याच्या हाताखाली पंक्चर काढतो. त्याच्या जागी नोकरीतला, आमच्यासारख्या घरातला माणूस असता, तर सुदर्शनने आधी विचारलं असतं. उमेशला कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मला तर उत्तर माहीत होतं.

म्हणून मी जाहीर करते: माझे पती दशरथ यांच्या मृत्यूशी उमेश सुकऱ्या धोडी याचा काहीही संबंध नाही. त्याने लावलेले ठोकळे मी होळीत दिले. ब्लॉक लावायला मी सांगितलं. लाकडं पांड्याने नेली, म्हणून तो या कागदावर साक्षीदार आहे.

हे कलम मी सुदर्शनला वाचून दाखवलं. त्याने कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "आई, झालं ते झालं. हे उकरून काय मिळणार? आणि मी त्याला मारलं त्याचं काय? लोक मला काय म्हणतील?" सुदर्शन, तुला मी चुकीचं समजू दिलं, तो दोष माझा. हात तुझा होता.

६. शेवटचं.

पहिल्या मसुद्यात मी गाडी उमेशच्या नावे लिहिली होती आणि हे पाकीट माझ्या मरणानंतर फोडावं असं म्हटलं होतं. दक्षाबेन निवृत्त शिक्षिका आहेत, शुद्धलेखन बघायला त्यांच्याकडे दिलं. त्यांनी लाल पेनने दोन वेलांट्या सुधारल्या आणि कागद खाली ठेवला. "यमुनाबेन, मेल्यावर तुम्ही सुटाल. ए बिचारो क्यारे छूटशे? तो कधी सुटणार? तुम्ही अजून पंधरा वर्षं जगलात तर?"

गेल्या रविवारी आम्ही दोघी तलासरीला गेलो. उमेश घरी होता. त्याची बायको रखमी हिने पाणी दिलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, होळीपासून मान खाली घातली तिथपर्यंत. तो रागावेल असं मला वाटलं होतं. त्याची तयारी करून गेले होते.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हणजे लाकूडच होतं, काकी?"

"लाकूडच होतं."

"सगळे ब्लॉक म्हणायचे. मी पण मग रोज तेच बघायचो, डोळे मिटले का ब्लॉक. मला वाटाया लागलं, मीच लावले असतील. विसरलो असेन. काकांना मीच मारलं असेल."

मी म्हटलं, गाडी तुझ्या नावे केली आहे. तो म्हणाला, "ब्रेक कोणी केले?"

"अजून नाही झाले."

"मग चालवू नका." आणि रखमीकडे बघून म्हणाला, "गाडी नको मला. लिहून द्या. हिला वाचता येतं."

त्यामुळे चौथ्या कलमातली गाडी, तिची अवजारं आणि इंग्रजी पुस्तक सुदर्शनला जातील. त्याने गाडी ठेवावी, विकावी, भंगारात घालावी. दुसऱ्याला देताना ब्रेक झालेले नाहीत हे आधी सांगावं.

आणि पाचवं कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. त्याच्या तीन प्रती मी हाताने लिहिल्या आहेत. एक या कागदासोबत राहील. एक तलासरीत, जिथे उमेशचं गॅरेज होतं तिथल्या चहाच्या दुकानात, मालकाला विचारून मी स्वतः भिंतीला लावणार आहे. तिसरी आज, खालील सह्या झाल्यावर, रखमी उमेश धोडी यांच्या हातात द्यायची आहे. त्या बाहेर ओट्यावर बसल्या आहेत. वाचून दाखवू का म्हणून दक्षाबेननी विचारलं. त्या म्हणाल्या, मी घरी जाऊन त्यालाच वाचून दाखवीन.

वरील सर्व मी वाचलं, समजलं आणि साक्षीदारांच्या देखत सही केली.

यमुना दशरथ सावे (सही)

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही:
१. दक्षा नविन शाह, मल्याण (सही)
२. पांड्या बाबल्या वायेडा, मल्याण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: डहाणू
दिनांक: १४ डिसेंबर २०२५