मिरचीच्या वाफ्यावरची राख

३ मार्च
तीन महिने वही उघडली नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. आळस नव्हता, लिहिण्याजोगे काही घडत नव्हते. आज पहाटे मेरापी ज्वालामुखीने राख टाकली. अंगण, छप्पर, वुर्यानीची मिरचीची रोपे, सगळे करडे. वुर्यानी, माझी बायको, आईच्या आजारपणासाठी क्लातेनला माहेरी आहे. जाताना रोपे माझ्यावर सोपवून गेली; घरची संबल, म्हणजे मिरचीची चटणी, त्यांच्यावरच चालते. फोनवर म्हणाली, पाने आजच धुवा. उद्या धुतो म्हणालो.

४ मार्च
धुतली नाहीत. विचारपूर्वक. जावा, सुमात्रा, जपान, चिली, सगळीकडची काळी भुसभुशीत जमीन अशाच राखेतून झाली. वीस वर्षे वर्गात हेच शिकवतो आणि स्वतःच्या वाफ्यातून झाडून टाकू? शेजारच्या वागिमाननी विचारले, "पाक गुरू, झाडू मोडलाय का?" (पाक म्हणजे आपले 'राव'; मास्तरांना इथे असेच हाक मारतात.) राखेतले काचेचे कण झिजून माती कशी बनते, ते त्यांना समजावले. ते झाडत झाडत ऐकत होते.

६ मार्च
पाऊस. थर सिमेंटसारखा बसला. पाणी वरूनच वाहून जाते. हा टप्पा अपेक्षितच होता. मी आळशी आहे का, हे प्रामाणिकपणे तपासले. नाही. पाठ मात्र दुखते.

९ मार्च
काल गावच्या बैठकीत 'राखेचे वरदान' यावर बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. आज सकाळी सगळेच शेणखत घालून राख जमिनीत खणून मिसळत होते. माझे म्हणणे नेमके कुठवर पोचले, कळत नाही. आपल्या रोपांची पाने पिवळी. वुर्यानीला फोनवर प्रगती आहे म्हणालो. खोटे नव्हे. राखेची आहे.

११ मार्च, दुपार
निम्मी रोपे आडवी. वागिमान म्हणाले, तासाभरात खणून देतो. नको म्हणालो. तुलनेसाठी एक तरी वाफा हात न लावलेला हवा. प्रयोग बाकीचे गाव करतेच आहे.

१४ मार्च
वुर्यानी आली. पिशवी खाली न ठेवताच वाफ्यापाशी गेली. एक रोप ओढले. मुळासकट हातात आले. मी सगळे नीट सांगितले. तिने विचारले, माती व्हायला किती दिवस लागतात? खोटे बोलवेना. पाऊसमान चांगले असेल तर शंभरेक वर्षे, म्हणालो.

ती रागावली असती तर बरे झाले असते. दमलेली होती. "बरं," म्हणाली, "तोवर संबलची मिरची तुम्ही आणत जा, पाक." आणि पाय धुवायला गेली.

जेवायला भात आणि तेंपे, सोयाबीनच्या तळलेल्या वड्या. संबलची वाटी रिकामीच मांडली होती.

उद्या: बाजारातून पाव किलो मिरची.