बाबांच्या खुर्चीची स्प्रिंग

३ मार्च, रविवार. सकाळी ९
बाबांच्या जुन्या आरामखुर्चीची स्प्रिंग तुटली. पाचांपैकी मधली एकच. बायको म्हणते, कोपऱ्यावरच्या सोफेवाल्याला बोलवा. कशाला? मी सायन्सचा माणूस. संध्याकाळपर्यंत खुर्ची तयार.
बाबांचे गुडघे कामातून गेलेत, पण या खुर्चीची बैठक त्यांना खालून उचलून देते. म्हणून कुणाचा हात न धरता उठतात आणि अंगणात दोन फेऱ्या मारतात. तोवर पलंगावर पडून राहा म्हटलं.

३ मार्च. संध्याकाळी ६
चार व्हिडिओ बघितले. पाया पक्का हवा.

१० मार्च
एक स्प्रिंग काढायची तर पाचही काढलेल्या बऱ्या. पकडीने ओढताना दोन जरा ताणल्या गेल्या. किरकोळ.
बाबांनी आज तीनदा विचारलं. अति घाई, संकटात नेई, असं त्यांना समजावलं.

१७ मार्च
तुटलेली स्प्रिंग वेल्डरकडे नेली. तो नाहीच म्हणत होता. तापवली की स्प्रिंग मरते म्हणे. चार बुकं न शिकलेल्यांना मतं फार. जोडून घेतलीच.
बसवली, वर बसलो. खाली गेलो तो खालीच. निष्कर्ष: बाकीच्या चार हिच्याशी जुळत नाहीत. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. दुर्लक्ष केलं.

२४ मार्च
उरलेल्या चारही स्वयंपाकघरातल्या गॅसवर लालभडक तापवल्या. आता पाचही अगदी एकसारख्या आहेत. बैठक जमिनीला टेकते, ते बघू.
बाबांनी आठवडाभर खुर्चीचं नाव काढलेलं नाही. रुळले. बायको त्यांना अंथरुणातच पुसून काढते. विश्रांतीने चेहऱ्यावर तेज आलंय, असं मी म्हणालो. ती बादली घेऊन निघून गेली.

१४ एप्रिल
ऑफिसात ऑडिट. सवड नाही. पुढचा रविवार नक्की.

२१ एप्रिल
पाहुणे आले. तापवलेल्या स्प्रिंगा दाखवल्या. कुणाला कळतंय.

२८ एप्रिल. दुपारी
बायकोने मला न विचारता सोफेवाल्याला बोलावलं. चाळीस मिनिटांत नव्या पाच स्प्रिंगा ठोकून मोकळा. माझ्या स्प्रिंगा बघून हसला, कुणी केलं हे म्हणाला. आधीचा मेकॅनिक, असं सांगितलं. हे बाबांनी ऐकलं.

२८ एप्रिल. संध्याकाळी ५
बाबांना दोघांनी उचलून खुर्चीत बसवलं. बैठकीने उचललं. बाबांनी हातांनी जोर लावला. पायच उभे राहीनात. तीनदा करून बघितलं. डॉक्टर येऊन गेले. आठ आठवडे पडून मांड्यांतली ताकद गेली, या वयात ती परत यायची नाही, म्हणाले. खुर्चीत दोष नाही, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलं.
बाबांना परत पलंगावर ठेवलं. ते म्हणाले, आता तूच बस त्यात, एवढा राबलास.
बसलो. सुरेख झालीय. उठायला गेलो तर तिने अलगद उभंच केलं, हात टेकावा लागला नाही. वळून बघितलं तर बाबा माझ्या पायांकडे बघत होते.
लाज वाटली. परत खाली बसलो. त्यांचा डोळा लागेपर्यंत उठलो नाही.