धुराड्यापाशी बसलेली बाई

वेस्टमिन्स्टर, बुधवार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भावोजींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला आराम पडो. तुझ्या सासूबाईंना मी आठवण काढली म्हणून सांग (त्या विचारणार नाहीत, तरी सांग). आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे जेवतोखातो.

आमच्या ह्यांचं पार्लमेंटातलं पहिलं भाषण परवा झालं. तुझ्या कानावर आलंच असेल. निम्मं लंडन हसतंय आणि उरलेलं आम्हाला जेवायला बोलावतंय. ह्यांची तिथली जागा ह्यांच्या काकासाहेबांच्या खिशातली, हे तुला ठाऊक आहे. मतदारसंघात गाव असं उरलेलंच नाही, नुसत्या मेंढ्या चरतात. मतदार सात, तेही काकासाहेबांच्याच घरांत भाड्याने राहणारे. काकासाहेबांची आज्ञा एवढीच होती की असल्या जागा रद्द करणाऱ्या सुधारणेच्या विधेयकाला विरोध करायचा आणि खाली बसायचं. त्यासाठी ह्यांनी महिनाभर दाढी करताना भाषण घोकलं. मलाही ते पाठ झालं (पटलं कधीच नाही, पण मला विचारलं कोणी?).

बायकांना सभागृहात मज्जाव, म्हणून मी वर माळ्यावर गेले. तिथे मेणबत्त्यांचा धूर जायला लाकडी धुराडं आहे, त्याच्या भोकांना डोळा लावून आपण बसायचं. देश कसा चालतो ते दिसत नाही, टकलं मात्र स्पष्ट दिसतात. माझ्या शेजारी करडी शाल घेतलेली एक बाई आधीपासून बसली होती. तिच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता. मी नमस्कार केला, तिने नुसती मान हलवली.

हे उभे राहिले, "सभापती महोदय" म्हणाले आणि गप्प झाले. खाली खोकले सुरू झाले. माझ्या ओठांवर पुढचं वाक्य आलं होतं, पण वरून बाईचा आवाज गेला असता तर माळाच बंद झाला असता. तेवढ्यात शेजारणीने भोकाला ओठ लावले. ती इतकं हळू बोलत होती की मला जेमतेम ऐकू येत होतं; आणि खाली ह्यांच्या तोंडून, ह्यांच्याच आवाजात, तेच शब्द त्याच क्षणी बाहेर पडत होते. "सातही जणांनी मला मत दिलं, कारण नसतं दिलं तर डोक्यावरचं छप्पर गेलं असतं. मी मेंढ्यांचा प्रतिनिधी आहे, आणि त्यांनाही कोणी विचारलेलं नाही."

खालचे खोकले थांबले. बाईने माझ्याकडे वळून विचारलं, "पुढे?"

मला काय झालं कोण जाणे. मी पुटपुटले, "ह्या माळ्यावर बसलेल्यांनाही एकदा विचारा." खाली हे तसंच म्हणाले. मग जे हसू उसळलं, ते धुराबरोबर थेट माझ्या तोंडावर आलं. डोळे पुसून बघते तर शेजारी कोणी नाही.

दारवान म्हणाला, "आज वर तुम्ही एकट्याच होतात, बाईसाहेब. जिन्याची किल्ली माझ्याकडेच असते."

घरी आल्यावर हे खूश. मला म्हणाले, "एक शब्द चुकलो नाही ना गं?" आपण घोकलेलंच भाषण केलं अशी त्यांची अजूनही समजूत आहे. काल सकाळी काकासाहेब आले, ह्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "हा बोलला, की ह्याच्यातून कोणी बोललं?" मी चहा ओतत राहिले.

बाकी सर्व क्षेम.

तुझी,
थिओडोशिया

ता.क. हे घरही काकासाहेबांचंच होतं. शनिवारी सामानसुमान घेऊन तुमच्याकडे येतो. मागची खोली चालेल. किती दिवस, ते विचारू नकोस.

ता.क. दुसरा. आज जेवताना मटण कातड्यासारखं लागलं. मी चकार शब्द काढला नाही, ओठसुद्धा हलवले नाहीत. समोरून हे म्हणाले, "मटण कातड्यासारखं झालंय," आणि स्वतःच दचकले. शेजारी करड्या शालीतली कोणी नव्हती, मी नीट पाहिलं. तेव्हा तुझ्या सासूबाईंच्या पंक्तीला ह्यांना बसवू नकोस. मी मनात काही येऊ देणार नाही, पण त्यांच्याबद्दल माझ्या मनात काय आहे, ते तुला ठाऊक आहे.